मोगल लघुचित्रातील डोडो : एका चित्राच्या पुराव्याची चिकित्सा

१

मोराचे एखादे जुने चित्र यथार्थ आहे किंवा नाही, हे ठरवावयाचे झाल्यास चित्र बाजूस ठेवून प्रत्यक्ष मोर पाहण्याची सोय आपणांस आहे. नामशेष झालेल्या प्राण्याच्या बाबतीत ही सोय उरत नाही. तेथे चित्राची परीक्षा दुसऱ्या चित्रावरून, प्रवाशांच्या वर्णनांवरून आणि उरल्यासुरल्या अवशेषांवरूनच करावी लागते. आणि बहुधा असे होते की, ज्याची परीक्षा करावयाची तेच चित्र परीक्षेचे मापही होऊन बसते. प्रस्तुत लेखात ह्या अडचणीचा विचार एका चित्राच्या आधारे करावयाचा आहे. हे चित्र म्हणजे सतराव्या शतकातील मोगल शैलीचे, डोडो ह्या पक्ष्याचे लघुचित्र होय.

डोडो हा मॉरिशस बेटावरील न उडणारा पक्षी. १५९८ मध्ये डच खलाशी त्या बेटावर उतरले, आणि त्याच्या विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या दर्शनांपैकी शेवटचे १६६२ मधील आहे. म्हणजे मनुष्याशी त्याचा लिखित परिचय उणापुरा ६४ वर्षांचा. एवढ्या अवधीत शिकार, जंगलतोड आणि जहाजांतून आलेली डुकरे, माकडे व उंदीर ह्यांनी जमिनीवर अंडी घालणाऱ्या ह्या पक्ष्याचा निर्वंश केला. मृदू अवयवांसह टिकलेला त्याचा एकच अवशेष, ऑक्सफर्ड येथील डोके व पाय, आज उपलब्ध आहे. त्याचे संपूर्ण शरीर, पिसारा, रंग आणि उभे राहण्याची ढब ह्यांविषयी आपणांस जे वाटते ते बहुतांशी चित्रकारांनी आपल्याला दिलेले आहे.

ह्या चित्रकारांच्या मालिकेत १९५५ मध्ये एका नव्या चित्राची भर पडली. लेनिनग्राड, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्ग, येथील संग्रहात इवानोव्ह ह्या अभ्यासकास हे मोगल लघुचित्र आढळले, आणि १९५८ मध्ये एका जर्मन पक्षिशास्त्रीय नियतकालिकात त्याने ते प्रसिद्ध केले. सलीम अली ह्यांनी मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९२७–२८ मध्ये जी लेखमाला लिहिली, तिच्या वेळी हे चित्र अज्ञात होते. आज मात्र डोडोवरील जवळजवळ प्रत्येक ग्रंथात ते छापले जाते, आणि त्याखाली बहुधा अशा आशयाची ओळ असते की, हे चित्र उस्ताद मन्सूरने जहांगीर बादशहाच्या सुरतेतील पक्षिशालेमधील जिवंत डोडोवरून काढले.

ह्या एका ओळीत चार विधाने आहेत : चित्रकार मन्सूर होता, आश्रयदाता जहांगीर होता, पक्षी सुरतेच्या बादशाही पक्षिशालेत होता, आणि तो जिवंत होता. चारही विधाने एका दमात उच्चारली जात असल्यामुळे ती सारख्याच बळाची वाटतात. वस्तुतः ती तशी नाहीत. त्यांतील कोणते किती टिकते हे पाहिल्याखेरीज ह्या चित्राचे खरे मोल कळणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

प्रथम युरोपीय चित्रपरंपरेकडे वळले पाहिजे. कारण मोगल चित्राची थोरवी सांगितली जाते ती तिच्याशी तुलना करूनच.

‘गेल्डरलँड’ ह्या डच जहाजाच्या १६०१ ते १६०३ च्या रोजनाम्यात डोडोची काही रेखाटने आहेत. ती मॉरिशसमध्येच, जिवंत किंवा नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांवरून केलेली आहेत. त्यांत कलाकुसर फारशी नाही. परंतु पक्षी चपळ व बेताच्या अंगाचा दिसतो. लोकांच्या मनात ठसलेला डोडो हा नव्हे. तो आहे रूलांट साव्हरी ह्या चित्रकाराचा. साव्हरी काही काळ प्राग येथे सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी होता, आणि ह्या सम्राटाला दुर्मिळ प्राण्यांचा मोठा षोक होता. साव्हरीने डोडो अनेकदा रंगविला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र १६२६ च्या सुमाराचे आहे. त्यातील पक्षी स्थूल, पोट लोंबणारा, आखूड पायांवर कसाबसा तोललेला असा आहे. पुढे हे चित्र जॉर्ज एडवर्ड्‌स ह्या पक्षिचित्रकाराकडे आले. त्याने त्यावरून आपल्या ग्रंथासाठी चित्र केले आणि मूळ चित्र ब्रिटिश म्युझियमला दिले. तेव्हापासून डोडो म्हणजे साव्हरीचा डोडो हे समीकरण रूढ झाले.

ह्या रूढीचे परिणाम केवळ पाठ्यपुस्तकांपुरते राहिले नाहीत. १८६५ मध्ये मॉरिशसमधील मार ओ साँज ह्या दलदलीत जॉर्ज क्लार्क ह्या शिक्षकाला डोडोची विपुल हाडे सापडली. त्यांवरून रिचर्ड ओवेन ह्या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये सांगाड्याची मांडणी प्रसिद्ध केली; परंतु ती करताना त्याने साव्हरीच्या चित्राची बाह्यरेषा प्रमाण मानून तिच्या आत हाडे बसविली. परिणामी सांगाडाही बसकट झाला. काही वर्षांनी ओवेनलाच ती मांडणी सुधारून पक्षी अधिक ताठ उभा करावा लागला. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हाडे हा चित्राहून श्रेष्ठ पुरावा आहे हे ओवेनहून अधिक जाणणारा मनुष्य त्या काळी क्वचितच असेल. तरीही हाडांनी चित्राची परीक्षा करण्याऐवजी चित्राने हाडांना आकार दिला.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. लिनिअसने १७५८ मध्ये डोडोला शहामृगाच्या गणात घातले होते. इतरांनी त्याचे नाते गिधाडाशीही जोडले. १८४८ मध्ये स्ट्रिकलंड व मेलव्हिल ह्यांनी ऑक्सफर्डचे डोके व पाय ह्यांचे बारकाईने विच्छेदन करून डोडो हा कबुतरांच्या कुळातील आहे हे दाखवून दिले. चित्र पाहून कोणालाही कबूतर आठवले नसते. २००२ मध्ये त्याच अवशेषातून काढलेल्या आनुवंशिक द्रव्याने त्यांच्या निष्कर्षाला बळकटी दिली, आणि डोडोचा निकटतम जिवंत नातलग आपल्या निकोबार बेटांच्या नावाने ओळखला जाणारा निकोबारी कबूतर हा ठरला.

तथापि साव्हरीला खोटा ठरविण्याचीही घाई करू नये. बंदिवासात अतिरिक्त चारा मिळालेला पक्षी लठ्ठ होतो. पेंढा भरलेले कातडे फुगीर दिसते. अँड्र्यू किचनर ह्यांनी १९९३ मध्ये हाडांच्या आधारे शरीराचा अंदाज बांधून असे प्रतिपादन केले की, रानातील डोडो प्रारंभीच्या डच रेखाटनांप्रमाणे सडपातळ असला पाहिजे, आणि लठ्ठ डोडो ही पिंजऱ्यातील पक्ष्यांची व त्यांवरून झालेल्या चित्रांची देणगी आहे. हे मान्य केले तर साव्हरीने डोळ्यांपुढील वस्तूचेच चित्र काढले असेल. ती वस्तू सर्व डोडोंची प्रतिनिधी मानणे ही चूक मागाहूनच्या वाचकांची ठरते. चित्राची चूक आणि चित्राच्या वाचनाची चूक ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हाच विवेक मोगल चित्राच्या बाबतीतही राखावयास हवा.

३

आता प्रत्यक्ष लघुचित्र. मध्यभागी तपकिरी रंगाचा, साव्हरीच्या मानाने पुष्कळ सडपातळ असा डोडो उभा आहे. त्याच्या भोवती इतर पक्षी आहेत. वर डावीकडे उलटे लटकून झोपणाऱ्या चिमुकल्या पोपटांपैकी एक, वर उजवीकडे पश्चिम हिमालयातील जुजुराणा हा रंगीत रानकोंबडा, खाली डावीकडे पट्टकादंब, आणि खाली उजवीकडे रंगीत पखुर्डी. ह्यांपैकी पखुर्डी दख्खनच्या खडकाळ माळावर आजही दिसते, आणि पट्टकादंब हिवाळ्यात आपल्या जलाशयांवर उतरतो. म्हणजे ह्या चित्राच्या निदान एका भागाची परीक्षा महाराष्ट्रातील कोणताही चिकित्सक पक्षिनिरीक्षक स्वतः करू शकतो.

चित्राच्या समर्थनार्थ मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद ह्या शेजाऱ्यांवरच आधारलेला आहे. इवानोव्ह, आणि अलीकडच्या काळात ज्यूलियन ह्यूम, ह्यांनी हे चित्र जिवंत डोडोच्या सर्वांत विश्वसनीय चित्रणांपैकी एक मानले आहे; कारण भोवतालचे पक्षी जातीनिशी ओळखता येतात आणि त्यांचे रंग यथायोग्य आहेत. ज्याने हे पक्षी खरे काढले त्याने डोडोही खरा काढला असला पाहिजे, असा हा तर्क. युरोपीय चित्रांच्या बाबतीतही अशी शेजाऱ्यांची साक्ष काढता येते. परंतु येथे ती विशेष ठसठशीत आहे हे खरे.

हा तर्क सबळ आहे, पण तो नेमके काय सिद्ध करतो ते पाहिले पाहिजे. शेजारी पक्ष्यांची यथार्थता चित्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची वृत्ती सिद्ध करते. त्याला पिसांचे थर, चोचीची ठेवण, पायांची घडण अचूक उतरविता येत होती, आणि दिसेल ते उतरविण्याची त्याची प्रवृत्ती होती, एवढे निश्चित म्हणता येते. त्याच्यासमोर काय होते, हे मात्र ह्यावरून सिद्ध होत नाही. पखुर्डी आणि पट्टकादंब त्याने अनेकदा, अनेक अवस्थांत पाहिलेले असणे शक्य होते. डोडो त्याला पाहावयास मिळाला असेल तर एखाद-दुसरा.

शिवाय हे पक्षी एका ठिकाणी, एका वेळी कधीच एकत्र येणार नाहीत. जुजुराणा उंच पर्वतावरचा, पखुर्डी कोरड्या माळावरची, डोडो समुद्रापलीकडच्या बेटावरचा. चित्रातील लटकणारा पोपट निळ्या टिळ्याच्या जातीचा आहे अशी जी ओळख करण्यात आली आहे ती ग्राह्य धरली, तर तोही हिंदुस्थानचा नव्हे. तो मलाया, सुमात्रा, बोर्निओ इकडचा. म्हणजे हे पान निसर्गातील दृश्य नसून निरनिराळ्या स्वतंत्र अभ्यासांची जुळणी आहे. जुळणी म्हटली की प्रत्येक पक्ष्याचा आधार वेगळा असू शकतो : कोणाचा जिवंत पक्षी, कोणाचा मेलेला, कोणाचे आधीचे रेखाटन. म्हणून एकाच्या यथार्थतेवरून दुसऱ्याच्या आधाराचा निर्वाळा देता येत नाही. चित्रात दोन परदेशी पक्षी असणे ही गोष्ट मात्र वेगळ्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. बंदरांतून येणारी अपूर्व पाखरे जेथे जमत होती आणि जेथे त्यांना चित्रात आणण्याजोगे मानले जात होते, अशा परिसराकडे ती बोट दाखविते.

असा परिसर जहांगीरचा दरबार होता ह्यात संशय नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जी अपूर्व जनावरे आणली त्यांत टर्की पक्षी होता. त्याचे सविस्तर वर्णन बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केले, आणि बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली खरी, पण चित्रकारांना ती काढावयास सांगितली नाहीत, अशी टीकाही त्याने तेथे केली आहे. ऐकून होणारे नवल पाहून वाढावे, हा आपला हेतू त्याने स्पष्ट सांगितला. १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे कोणी रंगविले आहेत की काय, ह्याची तपासणी करून पाहण्यात आली. मगच ते नैसर्गिक असल्याचे मान्य झाले. मन्सूरने काढलेले ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. प्रथम शंका, मग तपासणी, मग चित्र, हा क्रम ज्या दरबारात होता तेथील चित्राला आपण पुराव्याचे स्थान देतो ते अकारण नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील मन्सूरचा सायबेरियन क्रौंच हे ह्याचे आणखी एक उदाहरण. युरोपात त्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन पालासने केले ते १७७३ मध्ये, म्हणजे त्या चित्रानंतर सुमारे दीडशे वर्षांनी.

४

परंतु दरबाराची ख्याती आणि ह्या विशिष्ट चित्राचा इतिहास ह्या भिन्न गोष्टी आहेत. डोडोचे हे चित्र मन्सूरचे ‘मानले जाते’. शैलीवरून त्याच्याकडे ते लावले गेले आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रात टर्की आहे, झेब्रा आहे, डोडो नाही. आत्मचरित्राचा ओघ १६२४ मध्ये थांबतो, तेव्हा त्यानंतर आलेल्या पक्ष्याची नोंद तेथे नसणे स्वाभाविक आहे, असे कोणी म्हणेल आणि ते योग्यच होईल. पण मग त्या ग्रंथाचा आधारही ह्या चित्रासाठी घेता येणार नाही.

राहिली सुरतेची साक्ष. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६२८ मध्ये सुरतेस आला. आपल्या प्रवासवृत्तात मॉरिशसच्या संदर्भात डोडोचे वर्णन करताना तो सांगतो की, हंसाच्या दुप्पट आकाराचे, न उडणारे, न पोहणारे असे दोन पक्षी त्याने सुरतेच्या ‘हाउस’मध्ये पाहिले होते. हे दर्शन १६२८ ते १६३३ च्या दरम्यानचे मानले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या त्या काळच्या भाषेत ह्या शब्दाचा सरळ अर्थ इंग्रजांची वखार असा होतो. हीच ती वखार, की जी १६६४ मधील शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या वृत्तांतामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. कंपनीची जहाजे मॉरिशसला थांबत, आणि तेथून डोडो जहाजावर चढविला जाई, ह्याला स्वतंत्र आधार आहे. इमॅन्युएल ऑल्थम ह्याने १६२८ मध्ये मॉरिशसहून आपल्या भावाला इंग्लंडात असा पक्षी पाठविल्याचे त्याच्या पत्रांवरून कळते. तेव्हा सुरतेच्या वखारीत दोन डोडो असणे पूर्णपणे विश्वसनीय आहे. वखारीची बादशाही पक्षिशाला झाली ती मागाहूनच्या लेखकांच्या लेखणीत.

आणि कालाचे काय? जहांगीरचे निधन ऑक्टोबर १६२७ मध्ये झाले. मंडी सुरतेस आला १६२८ मध्ये. चित्रातील पक्षी मंडीने पाहिलेल्यांपैकी एक असेल, तर तो जहांगीरच्या हयातीत तेथे होताच असे म्हणता येत नाही, आणि चित्र शाहजहानच्या कारकिर्दीतील ठरण्याचा संभव वाढतो. उलट चित्र जहांगीरच्या काळचे असेल, तर मंडीची साक्ष त्या पक्ष्याला लागू पडेलच असे नाही. प्रचलित ओळीत मात्र दोन्ही गोष्टी एकदम घेतल्या जातात. चित्राचा काळ मंडीच्या नोंदीवरून ठरविला जातो, आणि मग मंडीच्या नोंदीला दुजोरा म्हणून चित्र पुढे केले जाते. तर्कशास्त्रात ह्याला चक्रक दोष म्हणतात.

असे चक्र किती काळ अबाधित राहते, ह्याचे उदाहरण ऑक्सफर्डच्या अवशेषातच आहे. १६३८ मध्ये हॅमन लस्ट्रेंज ह्याने लंडनमध्ये पैसे घेऊन दाखविला जाणारा एक जिवंत डोडो पाहिला होता. तोच पक्षी मेल्यावर ट्रेडस्कंट ह्यांच्या संग्रहात व तेथून ऑक्सफर्डला गेला, असे दीर्घकाळ समजले जात होते. दोन स्वतंत्र नोंदी एका पक्ष्याच्या चरित्रात सहज जुळून गेल्या. २०१८ मध्ये वॉरिक विद्यापीठात त्या डोक्याची क्ष-किरण छेदचित्रे घेतली गेली, तेव्हा डोक्यात व मानेत शिशाचे छरे आढळले. पक्षी गोळी घालून मारलेला होता. लंडनमधील प्रदर्शनाची कथा त्यामुळे अडचणीत आली. मोगल चित्राच्या कागदात छरे सापडणार नाहीत. म्हणूनच तेथे अनुमानाला अनुमान म्हणण्याची जबाबदारी अधिक आहे.

५

मग ह्या चित्रात उरते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते पुष्कळ उरते. फक्त ते निराळ्या पायावर उभे करावे लागते.

शरीराच्या ठेवणीपुरते पाहिल्यास ह्या चित्राला दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत : बेटावर झालेली डच रेखाटने आणि हाडे. मोगल चित्रकाराला ह्यांतील एकही ज्ञात असण्याचे कारण नव्हते. तिन्ही पुरावे सडपातळ पक्ष्याकडे झुकतात. येथे चित्राचे मोल चित्रकाराच्या नावावर किंवा बादशहाच्या नावावर मुळीच अवलंबून नाही. चित्रकार अनामिक ठरला तरी हा मेळ कायम राहील.

रंगाची गोष्ट वेगळी. हाडे रंगाविषयी मुकी असतात. प्रवाशांची वर्णने करड्यापासून काळपटापर्यंत भिन्न आहेत, आणि मोगल चित्रातील पक्षी तपकिरी आहे. २०१७ मध्ये डेल्फीन अँग्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या सूक्ष्म रचनेवरून डोडोच्या वार्षिक पीसगळतीचे चक्र मांडले, आणि वर्णनांतील भिन्नतेचा उलगडा पिसे बदलण्याच्या अवस्थांवरून होऊ शकतो असे सुचविले. हे ग्राह्य असेल तर तपकिरी रंग एका ऋतूतील एका पक्ष्याचा रंग म्हणून स्वीकारता येईल. मात्र आधुनिक चित्रकार डोडोची नवी प्रतिकृती करताना ह्याच लघुचित्रावरून रंग घेत असेल, तर त्या प्रतिकृतीशी हे लघुचित्र जुळते म्हणून ते यथार्थ, असे म्हणता येणार नाही. ओवेनने साव्हरीच्या बाबतीत जे केले तेच आपण अधिक चांगल्या चित्राच्या बाबतीत करू. चित्र चांगले असल्याने पद्धत चांगली होत नाही.

येथे एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. युरोपीय चित्रकार चुकले आणि आपला मन्सूर बरोबर ठरला, असे म्हणण्यात आपणांस समाधान वाटते. परंतु प्राग आणि आग्रा ही दोन्ही दरबारांचीच स्थाने होती. दोन्हीकडे दुर्मिळ प्राणी हा सत्ताधीशाच्या वैभवाचा भाग होता, आणि दोन्हीकडील चित्रकार पुढे ठेवलेल्या बंदिवान जीवाचेच चित्र काढीत होते. मोगल चित्राची श्रेष्ठता त्याच्या जन्मभूमीवरून ठरवावयाची नसून, ज्या बाबतीत त्याची पडताळणी होऊ शकते त्या बाबतीत ते टिकते ह्यावरून ठरवावयाची आहे. ते टिकते, आणि अभिमान वाटावयाचा असेल तर ह्याचा वाटावा.

तेव्हा प्रबंधात किंवा पाठात हे चित्र देताना त्याखालील ओळ पुढीलप्रमाणे असावी असे सुचवावेसे वाटते : सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोगल लघुचित्र, शैलीवरून मन्सूरचे मानले जाते, त्या काळात सुरतेच्या इंग्रज वखारीत डोडो असल्याची प्रवाशाची नोंद उपलब्ध आहे. ह्या ओळीत बादशहा नाही, पक्षिशाला नाही. पण जे आहे ते सर्व उद्या नवा पुरावा आला तरी मागे घ्यावे लागण्याचा संभव थोडा.

मंडीने डोडोविषयी एक प्रश्नही नोंदवून ठेवला आहे. ज्याला उडता येत नाही आणि पोहताही येत नाही, तो पक्षी इतर भूमीपासून इतक्या दूरच्या बेटावर आला कसा? दीर्घकाळाच्या हवामानाने त्याचे मूळ रूप पालटले असेल काय, अशी शंकाही त्याने व्यक्त केली आहे. त्याचे उत्तर मिळावयास दोन शतकांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत पक्षी नाहीसा झाला होता. अनामिक राहिलेल्या किंवा मन्सूर असलेल्या त्या चित्रकाराला आपण एका लयाला जाणाऱ्या जातीची नोंद करीत आहोत, ह्याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने समोर आलेला एक अपरिचित पक्षी काळजीपूर्वक उतरविला, एवढेच. त्याच्या त्या काळजीला साजेशी काळजी आपण त्याच्या चित्राविषयी विधाने करताना घ्यावी, एवढेच ह्या विवेचनाचे सांगणे आहे.